दगड, दिवे आणि उघडं बॉनेट

नाशिकला परत येऊन महिना होत आला, तरी गाडीत बसलो की माझे हात अजून चुकतात. ऑस्ट्रेलियात भाड्याने घेतलेल्या गाडीत वळणाचा दिवा डाव्या हाताला होता आणि वायपर उजव्या हाताला. आमच्या गाडीच्या बरोबर उलट. तिथे पहिल्या दिवशी सकाळभर मी प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवरून वायपर फिरवले. शेजारी बसलेली ज्योती, म्हणजे माझी बायको, दर वेळी शांतपणे म्हणायची, "पाऊस नाहीये." हातांना ती सवय लागली आणि आम्ही परत आलो. आता गंगापूर रोडवर मी वायपर फिरवतो आणि ती तेच वाक्य म्हणते.

ओळखीचे लोक विचारतात, परक्या देशात स्वतः गाडी चालवायची हिंमत कशी झाली. खरं सांगायचं तर त्यात हिंमतीचा भाग कमी होता. तिथेही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं, पाट्या इंग्रजीत असतात. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, त्यातली तीसेक वर्षं गाडी चालवतोय आणि कसारा घाट किती वेळा उतरलो याची गणती नाही. एका कारखान्यात मी खर्चाचे हिशेब पाहतो, त्यामुळे काहीही करायच्या आधी आकडे मांडून बघायची सवय आहे. आकडे आमच्या बाजूने होते. जे नडलं ते आकड्यांत बसणारं नव्हतं.

"फिरायला चाललोय" असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं, ते अर्धंच खरं. आमची मुलगी मुग्धा डॉक्टर आहे. व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेला, मेलबर्नपासून साडेतीनशे किलोमीटरवर, गव्हाच्या शेतांमधल्या एका लहान गावात ती दोन वर्षं काम करते आहे. गावाचं नाव मी देत नाही. तिथे डॉक्टर दोनच आहेत, नाव दिलं की तिचा पत्ताच दिल्यासारखं होईल. तिचा करार संपत आला होता. मेलबर्नच्या कडेच्या एका हॉस्पिटलात तिला जागा मिळत होती आणि गावातलं हॉस्पिटल अजून दोन वर्षं राहा म्हणत होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. तिचा कल राहण्याकडे होता. ज्योतीने नाशिकहून निघतानाच ठरवलं होतं की मुलीला तिथून हलवायचं. मी कोणाच्या बाजूने होतो म्हणाल, तर माझी बेरीज अजून झाली नव्हती.

ग्लेन वेव्हर्ली

मेलबर्नच्या या उपनगरात माझा पुतण्या सौरभ राहतो. इथल्या शाळा चांगल्या, म्हणून घरांना मागणी आणि म्हणून आपली माणसं पुष्कळ. संध्याकाळी फिरायला गेलो की तिसऱ्या-चौथ्या घरातून फोडणीचा वास यायचा.

आम्ही एकटे जाणार हे सौरभला पटत नव्हतं. "काका, मी पुढच्या वीकेंडला सोडतो ना तुम्हाला. या वीकेंडला माझी ऑन-कॉल शिफ्ट आहे, नाहीतर नो वरीज. साडेतीनशे किलोमीटर आहे आणि निम्मे कंट्री रोड्स. कांगारू येतात मध्ये."

"सोमवारी तिला उत्तर द्यायचंय," ज्योती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात जाऊन काय करू?"

सौरभची आठ वर्षांची मुलगी इरा मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. तिने मला विचारलं, "आजोबा, डू यू इव्हन हॅव अ लायसन्स?" मी आपल्याकडचं लायसन्स आणि आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही पुढे केले. तिने ते इतके निरखून पाहिले की पुढच्या सगळ्या प्रवासात कोणी तेवढं पाहिलं नाही.

सामान गाडीत ठेवताना सौरभने एक मोठी बॅग उचलली आणि ती एकदम हलकी लागल्याने त्याचा तोल गेला. "काकू, ही रिकामी आहे."

"असू दे," ज्योती म्हणाली. "येताना भरेल."

मुग्धाचं थोडं सामान त्यातून लगेच आणायचं असा तिचा बेत होता. सौरभने माझ्याकडे पाहिलं. मी डिकीची जागा पाहत होतो.

गाडी ज्या दुकानातून घेतली तिथल्या बाईंनी मला सही कुठे करायची ते दाखवलं. मी आधी अटी वाचायला बसलो. त्या चार पानं होत्या. बाई म्हणाल्या की चौथं पान उलटणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच दिसतंय. पण त्याच पानावर कामाच्या दोन गोष्टी होत्या. एक, डांबर नसलेल्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही. दोन, अंधार पडल्यावर गावाबाहेर जनावराला धडकलात तर जबाबदारी तुमची. तिसरी गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती, ती मला गाडीत बसल्यावर कळली. या गाडीला हँडब्रेकचा दांडाच नव्हता. त्याच्या जागी एक बटण होतं, ते वर ओढलं की एक बारीक आवाज यायचा आणि ब्रेक लागला असं मानायचं. मानलं, पण विश्वास बसला नाही.

बॅलरॅट

मेलबर्न ओलांडून पश्चिमेच्या हायवेला लागलो आणि मला जाणवलं की सकाळपासून आपण एकही हॉर्न ऐकलेला नाही. मी ताशी पंचाण्णवच्या वर जात नव्हतो, तिथे मर्यादा एकशे दहाची होती. मागून येणाऱ्या गाड्या निमूट बाजूच्या लेनमध्ये जात आणि पुढे निघून जात. आपल्याकडे हॉर्न म्हणजे "मी आलोय" इतकंच, त्यात राग नसतो. सौरभने मला बजावलं होतं की इथे तो राग समजतात. म्हणून मी डावा अंगठा हॉर्नपासून लांब ठेवून चालवत होतो आणि त्यामुळे माझा खांदा दुखायला लागला होता.

बॅलरॅटला थांबलो. सोन्याच्या खाणींवर वाढलेलं हे जुनं शहर, रस्ते इतके रुंद की बैलगाडी एका फेरीत वळवता यावी. एका बेकरीत भाज्या भरलेली पेस्टी घेतली. ज्योतीने एक घास खाऊन ती उलटून पाहिली. "मोठी करंजी आहे. मीठ घरी विसरून आलेत." सोबतचं लोणचं लावल्यावर दोघांनी ती संपवली. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी लोणच्याच्या बाटलीकडे पाहत विचारलं की हा जॅम कसला. ज्योतीने बाटली पुढे केली. आजींनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं, डोळे मिटले, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की जॅम तर नक्कीच नाही.

तिथून पुढे मर्यादेतली गती गाठायला मला जमलं. वायपर दोनदाच फिरले.

हॉल्स गॅप

रात्रीच्या मुक्कामाला दिवेलागणीच्या आत पोचायचंच असं ठरवलं होतं, आणि पोचलो. ग्रँपियन्स डोंगरांच्या पायथ्याचं हे गाव. एका बाजूला कडे, आपल्या सह्याद्रीसारखे सरळ तुटलेले, पण रंग काळा नाही, विटकरी. गावच्या क्रिकेटच्या मैदानावर संध्याकाळी कांगारू चरत होते. आमच्या कॉलनीतल्या मैदानावर गाई असतात तशाच सहजपणे. एक तर खेळपट्टीच्या मधोमध आडवा होऊन पोट खाजवत होता. ज्योतीला हसू आलं. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

मुग्धाचा फोन आला. "बाबा, उद्या आरामात निघा, पण पाचनंतर गाडी रस्त्यावर नको. आणि मध्ये चाळीसेक किलोमीटर रेंज नसते, घाबरू नका." मी हो म्हटलं. ज्योतीने फोन घेतला आणि तिला फक्त विचारलं की आज रात्री ड्यूटी आहे का. होती.

फोन ठेवल्यावर ती कॉटवर बसून राहिली. मग म्हणाली, "हिवाळ्यात तीन दिवस ताप होता तिला. आपल्याला कधी कळलं? आठवड्याने. तेही बोलता बोलता. त्या तीन दिवसांत तिला काही झालं असतं तर कोणाला पत्ता लागला असता?"

"हॉस्पिटल आहे ना तिचं."

"हॉस्पिटलात ती डॉक्टर आहे, अहो. पेशंट कोणाची आहे?"

मी मनात दोन्ही बाजू मांडत होतो. शहरात आपली माणसं आहेत, सौरभ आहे, विमानतळ तासाभरावर आहे. गावात काम आहे, आणि ते तिला आवडतं. फोनवर तिचा आवाज गेल्या दोन वर्षांत भरला होता. पण आवाज हा पुरावा किती धरायचा? आणखी एक विषय ज्योतीने काढला, मुलीच्या लग्नाचा. तो मी इथे लिहीत नाही. लिहू नका असं मला सांगण्यात आलंय.

झाडाखाली

दुसऱ्या दिवशी डोंगर मागे पडले आणि सपाटी सुरू झाली. अशी सपाटी मी पाहिली नव्हती. रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ, दोन्ही बाजूंना तार, तारेपलीकडे एकीकडे हिरवा गहू आणि दुसरीकडे कनोला. हे मोहरीच्या जातीचं पीक, आणि सप्टेंबर असल्यामुळे फुलावर आलेलं. क्षितिजापर्यंत पिवळं. ज्योतीने काच खाली केली आणि म्हणाली, "झेंडूचा बाजार दसऱ्याला भरतो, त्याच्यावरून विमान नेलं तर असं दिसेल."

इथेच एक नवी गोष्ट दिसायला लागली. समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचा. पहिल्यांदा वाटलं आमच्या गाडीचं काही लोंबतंय. थांबून पाहिलं, काही नव्हतं. मग लक्षात आलं की तो नमस्कार आहे. हायवेवर कोणी बोट उचलत नव्हतं, लहान रस्त्याला लागल्यावर क्वचित कोणी, आणि मुग्धाचं गाव जवळ येईल तसे बहुतेक सगळेच. वाहनं कमी होतात तसे नमस्कार वाढतात, असं हे प्रमाण होतं. मीही बोट वर करायला लागलो. ज्योती म्हणाली, "ओळख ना पाळख."

गाव पंचवीसेक किलोमीटरवर राहिलं तेव्हा दुपार झाली होती. मुग्धा रात्रपाळी करून झोपली असेल, तिला उठवायला नको, म्हणून आम्ही वाटेतच जेवायचं ठरवलं. रस्त्याच्या कडेला निलगिरीचं एक मोठं झाड होतं आणि त्याखाली मुरमाची रुंद पट्टी. मी गाडी तिथे घेतली आणि नेहमीप्रमाणे सगळं केलं. म्हणजे चारही दिवे लुकलुकते ठेवले, कारण गाडी रस्त्याकडेला उभी आहे हे मागच्याला कळलं पाहिजे. बॉनेट उघडून ठेवलं, इंजिनाला वारा लागावा म्हणून. घाट चढून आल्यावर मी हे अजूनही करतो, आणि इथे घाट नसला तरी शंभरच्या गतीने बराच वेळ आलो होतो. पट्टीला खड्ड्याकडे उतार होता आणि त्या बटणावर माझा विश्वास नव्हता, म्हणून एक चांगला दगड शोधून चाकाखाली लावला. डिकीही उघडी ठेवली, डबा त्यात होता.

चादर पसरली. ज्योतीने आदल्या दिवशी सौरभकडे केलेल्या दशम्या, लसणाची चटणी, गुळाचा खडा. दुसऱ्या घासाला एक गाडी थांबली. चालवणाऱ्या बाईंनी मान बाहेर काढून विचारलं, "यू राइट?" मी उठून सांगितलं की सगळं ठीक आहे, जेवतोय. त्यांनी उघड्या बॉनेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाण्याची एक बाटली माझ्या हातात दिली आणि गेल्या. प्रेमळ बाई, असं आम्ही म्हणालो.

जेवण झाल्यावर ज्योतीची पाठ भरून आली, म्हणून ती चादरीवर आडवी झाली. तिथे वसंतात माश्या फार. नाकात, डोळ्यांत शिरतात. म्हणून तिने ओढणी तोंडावरून घेतली. मी शेजारी गुडघ्यावर हात ठेवून बसलो होतो. एवढ्यात मेंढ्या भरलेला एक प्रचंड ट्रक गावाच्या दिशेने गेला. तो थांबला नाही, पण त्याने दोनदा दिवे दाखवले. आपल्याकडे दिवे दाखवले की अर्थ एकच, बाजूला हो, मी येतोय. मी म्हणालो, "बघ, बाजूलाच तर बसलोय, अजून किती सरकायचं?" ओढणीखालून ज्योती म्हणाली, "मेलबर्नची शिस्त इथे संपली वाटतं."

मग विरुद्ध बाजूने एक पिकअप आला आणि वळून आमच्यासमोर उभा राहिला. मागे पत्र्यावर कुत्रा. उतरलेला माणूस सत्तरीचा असावा, टोपी घामाने काळी पडलेली. त्याने आधी ज्योतीकडे पाहिलं आणि भराभर चालत आला. ती उठून बसली तेव्हा त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि मोठा श्वास सोडला. त्याचं नाव केव्हिन. काय बिघडलंय, असं त्याने विचारलं.

"काही नाही. जेवलो."

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट, दिवे, डिकी. चाकाशी वाकून दगड पाहिला. "मग हे सगळं कशाला?"

मी एकेक कारण सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. घाट म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "तुमची सगळी कारणं बरोबर आहेत. पण मित्रा, इकडे एवढं सगळं एकदम केलं की त्याचा अर्थ होतो, आम्ही अडचणीत आहोत, मदत करा. आणि मिसेस तोंडावर कापड घेऊन झोपल्या होत्या. मला वाटलं मला उशीर झाला."

ज्योतीला इंग्रजी समजतं, बोलायला ती कचरते. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे मी गेले असं वाटलं त्याला?"

"असंच दिसतंय."

तिने एक दशमी चटणी लावून केव्हिनच्या हातात ठेवली. जिवंत असल्याचा याहून चांगला पुरावा तिच्याजवळ नव्हता. तो खाली बसून खायला लागला. आम्ही कुठे निघालोय हे विचारल्यावर मी गावाचं नाव सांगितलं. त्याने चावणं थांबवलं. "तुम्ही डॉक्टरचे आई-वडील? ती सांगत होती, येणार म्हणून. माझी बायको मार्चमध्ये मेंढ्यांच्या वाड्यात पडली, तेव्हा तुमची मुलगी आमच्या शेतावर आली होती." मग त्याला एकदम आठवल्यासारखं झालं. "मेंढ्यांचा ट्रक गेला का इथून? दिवे दाखवले?"

"दाखवले. पण थांबला नाही."

"एवढं वजन घेऊन तो इथे कुठे थांबवणार? दिवे म्हणजे, पाहिलंय तुम्हाला, सांगतो पुढे. त्याच्याकडे रेडिओ असतो." त्याने घड्याळ पाहिलं आणि पाय पसरले. "मग मी थांबतोच. थोड्या वेळात गावातून कोणीतरी येईल."

खरोखरच आले. आधी एक निळी छोटी गाडी, तिच्या मागे गाड्या ओढून नेणारा ट्रक. निळी गाडी नीट थांबायच्या आत तिचं दार उघडलं आणि मुग्धा धावत आली. पायात स्लिपर, केस विस्कटलेले, हातात औषधांची बॅग. चादरीवर मांडी घालून बसलेली आई दिसल्यावर ती जागच्या जागी उभी राहिली. तिचा चेहरा मी इतका पांढरा कधी पाहिला नव्हता.

ज्योती म्हणाली, "अगं, जेवलीस का?"

मुग्धा तिथेच मुरमात बसली आणि हसायला लागली. मग ते हसणं राहिलं नाही. ज्योतीने तिला जवळ ओढलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पांढरी गाडी, भारतीय जोडपं, बाईच्या तोंडावर कापड घातलंय, असा निरोप आला. या रस्त्यावर दुसरं कोण भारतीय जोडपं असणार, आई? तू कशाला झोपलीस अशी?"

"पाठ भरली होती. माश्या होत्या."

गाड्या ओढणारा रॉब तोवर आमच्या बॉनेटमध्ये वाकून पाहत होता. त्याने तेलाची कांडी ओढून पाहिली, पुसली, परत घातली. "उत्तम गाडी आहे," तो म्हणाला आणि बॉनेट अलगद बंद केलं. मग चाकाखालचा दगड काढून झाडाच्या बुंध्याशी ठेवला.

"तुला कळलं कसं?" ज्योतीने मुग्धाला विचारलं.

"ट्रकवाल्याने रेडिओवर रॉबच्या गॅरेजला सांगितलं. रॉबने शॅरनला, म्हणजे त्याच्या बायकोला. ती आमच्याकडे नर्स आहे आणि शेजारीच राहते. मी झोपले होते. तिने दार वाजवून उठवलं आणि स्वतः हॉस्पिटलात खाट तयार करायला गेली."

मी घड्याळ पाहिलं. ट्रक गेल्याला अर्धा तास झाला होता.

गावात

गाव म्हणजे एक रुंद रस्ता, धान्याच्या उंच कोठ्या, बेकरी, टपाल कचेरी, दोन चर्च आणि एक लहान हॉस्पिटल. आम्ही पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढे गेली होती. बेकरीतल्या मुलीने ज्योतीकडे पाहून विचारलं, "आता बरं वाटतंय ना?" ज्योतीने मला मराठीत सांगितलं, "चार दिवसांत अख्खं गाव माझी पाठ विचारणार." प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच विचारून झालं.

शनिवारी रात्री रॉब आणि शॅरनने जेवायला बोलावलं. ज्योतीने तिथल्या स्वयंपाकघरात मटारभात केला. बोलता बोलता शॅरन हिवाळ्यातल्या तापाबद्दल बोलली, आम्हाला सगळं माहीतच असणार असं धरून. डॉक्टर कशी औषध घ्यायला ऐकत नव्हती, आणि शॅरन दोन रात्री तिच्याकडेच सोफ्यावर कशी झोपली. "तुम्हाला फोन करते म्हटलं, तर हिने माझा फोनच उशीखाली घेतला."

ज्योतीने चमचा खाली ठेवला. "यू स्लेप्ट देअर?" तिने विचारलं. या प्रवासात तिने स्वतःहून इंग्रजीत विचारलेला हा पहिला प्रश्न. "टू नाइट्स?"

"फक्त दोन," शॅरन म्हणाली. "तिसऱ्या दिवशी तिनेच मला हाकललं."

घरी परतल्यावर ज्योती तडक त्या सोफ्याकडे गेली आणि हाताने दाबून पाहायला लागली. मुग्धा दारात उभी होती. "हे तू मला सांगितलं नाहीस," ज्योती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू विमानात बसली असतीस."

"बसले असते." तिने सोफा पुन्हा दाबला. "याच्यावर झोपली ती? पाठ गेली असेल तिची."

रविवारी मुग्धाने आम्हाला हॉस्पिटल दाखवलं. थोरले डॉक्टर वर्षभरात निवृत्त होणार आहेत. ती गेली तर बाहेरून आठवड्या-आठवड्यासाठी डॉक्टर येतील आणि जातील, असं ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, माहिती होती. "म्हणून राहतेस का?" मी विचारलं. ती थोडा विचार करून म्हणाली, "नाही बाबा. मला इथलं काम जमतं म्हणून. मेलबर्नला मी काम करीन. इथे मला माहितीये की केव्हिनची बायको पायऱ्या कशा उतरते. ते माहीत असलं की काम वेगळं होतं."

सगळं काही सुटलं नव्हतं. तिच्या वयाचं मोकळं बोलायला तिथे कोणी नाही, हे तिने स्वतःच मान्य केलं. मराठी बोलायला फोनच आहे. रात्री बोलावणं आलं तर ती त्याच कांगारूंच्या रस्त्याने एकटी जाते. ज्योतीने हे सगळं ऐकून घेतलं. मग संध्याकाळी ती रॉबला बोलावून मागच्या दाराला दुसरी कडी बसवून घेताना दिसली. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळीही. ती बोटाने दाखवत होती, रॉब ड्रिल चालवत होता, आणि दोघं आपापल्या भाषेत बोलत होते. तेव्हा मला कळलं की बेरीज झालेली आहे. जी जागा सोडायची तिथे कोणी कड्या बसवत नाही.

सोमवारी सकाळी चहा घेताना मुग्धाने आईकडे पाहिलं. ज्योती म्हणाली, "दोन वर्षं म्हणजे दोनच. मी मोजणार आहे."

"बाबा मोजतील," मुग्धा म्हणाली.

मी सामान डिकीत ठेवत होतो. रिकामी बॅग उचलली, तेव्हा ज्योतीने ती माझ्या हातातून घेतली आणि परत घरात नेऊन मुग्धाच्या कपाटावर ठेवली. "इथेच राहू दे. दोन वर्षांनी लागेल."

परत

दुपारच्या जेवणाची वेळ व्हायला अवकाश होता, पण ते झाड आल्यावर ज्योती म्हणाली, "थांबायचं का?" थांबलो. या वेळी मी दिवे लावले नाहीत, बॉनेट उघडलं नाही. दगड रॉबने ठेवला तिथेच, बुंध्याशी होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि बटण ओढलं. बारीक आवाज आला. गाडी जागेवरून हलली नाही.

मुग्धाने डबा दिला होता. तिने पहाटे उठून केलेले पराठे, कडा थोड्या जाड. ज्योतीने एकाही पराठ्याला नाव ठेवलं नाही. दोन गाड्या गेल्या, दोघांनी बोट वर केलं आणि न थांबता गेल्या. तिसरी गेली. ज्योती रस्त्याकडे पाहत होती.

"आज कोणी विचारत नाहीये," ती म्हणाली.

"विचारण्यासारखं काही केलेलंच नाही."

तिने वळून गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "लावा ना जरा ते दिवे. दोनच मिनिटं."

"खोटे दिवे लावता येत नाहीत, ज्योती."

"माहितीये. तरी आपलं म्हटलं."

तेवढ्यात लांबून एक पिकअप येताना दिसला. मागे पत्र्यावर कुत्रा. आमच्याजवळ येताना त्याने वेग कमी केला, पण तो थांबला नाही. केव्हिनने खिडकीतून मान बाहेर काढून ओरडून विचारलं, "लंच?"

मी उत्तर द्यायच्या आत ज्योती उठून उभी राहिली. तिने डबा उंच धरला.

"लंच," ती म्हणाली.

त्याने बोट वर केलं आणि तो गावाच्या दिशेने निघून गेला. पिकअप दिसेनासा होईपर्यंत ती त्या रस्त्याकडे पाहत उभी होती.